चाळीस वळसे

पापडी, वसई
मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रिय केनी,

तुझा मेसेज मिळाला. लग्नाचं आमंत्रण टिफनीने पाठवलं होतं, म्हणून उत्तरही तिलाच आलं. तिने ते मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचून दाखवलं. ‘चर्चमध्ये नक्की येईन. मिस्सा संपली की निघेन. हॉलवर थांबणार नाही, रागावू नकोस.’ ती रागावली नाही. मोबाईल माझ्या हातात देऊन फक्त म्हणाली, “मम्मा, मग टोस्ट कोण उचलणार?” मी कढईतले बोंबील उलटत राहिले. आपल्या घरात लग्नाचा टोस्ट, ग्लास उंचावून चार शब्द बोलायचा, तो मामानेच उचलायचा. माझ्या लग्नात आईच्या भावाने उचलला, आईच्या लग्नात तिच्या मामाने. टिफनीच्या सासरी, वटारच्या मंडळींनाही हे माहीत आहे. टिफनीची सासू परवा विचारत होती, “मामा काय बोलणार आहेत? आमच्याकडचे लोक हसवणारं भाषण मागतात हां.” मी हो हो केलं.

तू का थांबणार नाहीस ते मला कळतं. चारशे माणसं ग्लास वर धरून तुझ्याकडे बघणार, आणि त्यातली निम्मी तुझ्या ग्लासात काय आहे ते बघणार. साडेतीन वर्षं होत आली तुला, दारूचा थेंब नाही. ती वर्षं तू कशी काढलीस हे त्या माणसांना कुठे माहीत आहे? तुला थांबवण्यासाठी मी हे लिहीत नाही. इकडे काय काय झालं ते तुला सांगायचं आहे. जरा लांबण लागेल. दुपारी निवांत वाच, पॅकिंग शेडमध्ये माणसांच्या गराड्यात नको.

आधी पप्पांचं सांगते. एक्क्याऐंशी पूर्ण झाली. गुडघे दुखतात, पण विहिरीवरची मोटार बंद करायला अजून स्वतःच जातात. मी सकाळच्या शाळेतून साडेबाराला सुटते आणि मंगळवारी थेट त्यांच्याकडे जेवायला जाते. ती सवय काही सुटली नाही. तू नाशकात द्राक्षांच्या कामाला लागलास हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “दारू सोडली आनि द्राक्षात जाऊन बसला! हा पोरगा देवाची पन परीक्षा घेतो.” मग एकटेच हसत राहिले. त्यांना हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं.

तुला ते मंगळवार आठवतात ना? सगळ्या गावाचा रविवार रविवारी असायचा, आपला मंगळवारी. पप्पांना हॉटेलातून तीच एक सुट्टी. बाकीचे सहा दिवस मुंबईला फोर्टातल्या त्या बारच्या मागे काळा बो लावून उभे, आणि मंगळवारी पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात केळीच्या वाडीत. शाळेतून आलो की आधी त्यांच्या हातांचा वास घ्यायचा, आज चिखलाचा की संत्र्याचा. संत्र्याचा असला तर समजायचं, आज ग्लास होणार. एकच ग्लास. चौतीस वर्षं लोकांना दारू पाजून घरी आलेला माणूस आठवड्यातून एक ग्लास करायचा, आणि तोही अर्धा आई प्यायची. पहिला घोट तिचा, हा नियम. घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची, “कडू आहे हो,” म्हणायची आणि ग्लास काही परत द्यायची नाही.

त्या कॉकटेलला ते ओल्ड फॅशन्ड म्हणायचे, आई ‘तुमचं ते जुनं’ म्हणायची. हॉटेलात साखरेचे चौकोनी क्यूब असायचे. घरी खडीसाखरेचा एक खडा, सुपारीएवढा. त्यावर चार थेंब कडू अर्क, चमचाभर पाणी, आणि रवीच्या दांड्याने तो खडा इतक्या हळू चेचायचा की काचेला कळता कामा नये. मग व्हिस्की. मग बर्फ. डब्याच्या झाकणात आदल्या दिवशी गोठवलेली लादी ते बत्त्याने फोडायचे आणि सगळ्यात मोठा तुकडा निवडायचे. लहान तुकडे आपल्या दोघांच्या तोंडात. आणि मग ढवळणं. लांब दांड्याचा चमचा, दोन बोटांत धरलेला, चाळीस वळसे. मोजायचं काम तुझं होतं. तू स्टुलावर उभा राहून मोठ्याने मोजायचास, तेवीसनंतर एकदम सत्तावीस म्हणायचास, आणि ते थांबून म्हणायचे, “मधले तीन कोनी खाल्ले?” चमचा काचेला लागून आवाज झाला की चुकलं. त्यांचा कधी झाला नाही. शेवटी संत्र्याची साल पिळायची, पेटत्या काडीसमोर. सालीतलं तेल भपकन पेटायचं आणि तू टाळ्या वाजवायचास. संत्री नसतील त्या दिवसांत मोसंबी, आणि एकदा तर मागच्या झाडाचं पपनस. पपनसाचा ग्लास आईला इतका आवडला की पप्पा रुसले.

तो कडू अर्क हॉटेलात परदेशी बाटलीतून यायचा. घरी तो कुठला? म्हणून पप्पांनी स्वतःचा केला. वाळवलेली संत्र्याची साल, लवंग, दालचिनी, आणि पापडीच्या बाजारातल्या काष्ठौषधीवाल्याकडून आणलेलं काडेचिराईत. ताप आला की आई ज्याचा काढा आपल्या नरड्यात ओतायची, तेच. हे सगळं रममध्ये तीन आठवडे मुरवायचं, गाळायचं आणि बाटलीत भरायचं. आणि बाटली कुठली घेतली? वेलंकनीहून आईने पवित्र पाणी आणलेली, ती निळ्या बुचाची. पाणी संपलं होतं, बाटली चांगली होती, पप्पांनी घेतली, आणि भरून पुन्हा घरातल्या आल्तारावर, माऊलीच्या मूर्तीमागे होती तिथेच ठेवली. पुढचं तुला सांगायला नको, पण मला लिहायला आवडतंय म्हणून लिहिते. तुझी दहावीची परीक्षा, गणिताचा पेपर. आई सकाळी घाईत आल्तारपाशी गेली, निळ्या बुचाची बाटली उचलली, तुझ्या कपाळावर, हॉल तिकिटावर आणि कंपासपेटीवर भरपूर शिंपडलं, आणि आमेन म्हणून तुला सायकलवर बसवून दिलं. वर्गात बाईंनी तुला विचारलं, “केक आणलायस का रे डब्यात?” त्या पेपरात तुला पस्तीस मार्क मिळाले. आई मरेपर्यंत म्हणायची, “आशीर्वाद नसता तर चौतीस असते.”

हे सगळं बंद झालं, ते सहा वर्षांपूर्वी. आई गेली त्याच्या महिन्याच्या मिस्सेनंतर. त्या दिवसाबद्दल तू आणि मी कधीच बोललो नाही. तुझं पिणं सुरू झालं त्याला घरचा ग्लास कारण नव्हता हे मला माहीत आहे. ती कंपनीतली मंडळी, त्या पार्ट्या, मग पार्ट्यांशिवाय. पण पप्पांचा हिशेब वेगळा. त्यांच्या मते मुलाला मोजायला आपण शिकवलं. त्यात त्या सप्टेंबरात तू पुन्हा सुरू केलीस, आणि कुठून, तर त्यांच्याच बाटलीतून. तू आधी सोडली होतीस हे त्यांना त्या रात्रीच कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाट रिकामं केलं. बाटल्या घरामागे बावखलाच्या पाण्याकाठी नेऊन एकेक ओतली. वळसे घालायचा तो चमचा कुठे टाकला ते आजवर सांगितलं नाही. मी अडवायला गेले तर म्हणाले, “कपाट मी उघडं ठेवलं कार्मिन. पाव्हने आले म्हनून उघडलं आनि उघडंच ठेवलं.” नंतर कित्येक मंगळवारी, जेवताना, मध्येच, तेच. कपाट मी उघडं ठेवलं. पुढे बोलणं कमी झालं, पण त्यांनी जेवायची खुर्ची फिरवून घेतली. कपाटाकडे पाठ करून बसायला लागले.

नंतर तू व्यसनमुक्ती केंद्रात होतास तेव्हा तुझं पत्र आलं. ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांना लिहायचं असतं, तसलं. पप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून ते मी वाचून दाखवलं. ‘पप्पा, तुमची चूक नाही. कपाट उघडं दिसलं आणि मीच जाऊन घेतली. माझी मी घेतली.’ मी ते सगळं मोठ्याने वाचलं. एक शब्द गाळला नाही. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी मागच्या पंधरवड्यातलं सांगू दे.

तुझा मेसेज मी पप्पांना सांगितला. मला वाटलं, ते खचतील. ते विचारात पडले. मग म्हणाले, “थांबनार नाही कारन हातात काय धरायचं तो प्रश्न आहे. बरोबर?” मी म्हटलं, तेवढाच नाही, पण तोही आहे. “मग त्याच्या ग्लासात काय असेल ते मी ठरवतो. सरबत नको. लग्नात मामाच्या हातात कोकम सरबत दिलं की लोकांना लगेच कळतं. आनि कोला तर नकोच, तो पोरांचा.” असं म्हणून ते उठले आणि कपाट उघडलं. आत गेली सहा वर्षं जुनी वर्तमानपत्रं आहेत. ती त्यांनी बाहेर काढली. त्या दिवसापासून आमचं सुरू झालं.

तू असतास तर हसला असतास. मंगळवार पुरेना, म्हणून मी रोज शाळा सुटली की जाऊ लागले. व्हिस्कीशिवाय ओल्ड फॅशन्ड करायचं. माझं काम चव घेणं, कारण त्यांची जीभ आता मसाल्याशिवाय काही ओळखत नाही. पहिल्या दिवशी जळका गूळ आणि पाणी. मी म्हटलं, काकवी आहे ही. दुसऱ्या दिवशी कोरा चहा, गार केलेला. म्हटलं, आजाऱ्याचा चहा. मग त्यांना सुकेळी, आपली वाळवलेली केळी, आठवली. थंडीच्या आधी आलेली पहिली सुकेळी, पानात बांधलेली, त्यांनी कापून रात्रभर कोऱ्या चहात भिजत ठेवली आणि सकाळी फडक्यातून गाळली. केनी, ते काय झालं होतं म्हणून सांगू! गोड, धुरकट, जिभेवर थोडं जाड. व्हिस्कीसारखं मुळीच नाही. पप्पांनी विचारलं, “सारखं लागतं?” मी नाही म्हटलं. “बरं झालं,” म्हणाले, “सारखं लागायलाच नको. त्याला आठवन यायला नको.” मग थांबून, “रंग मात्र तोच आला. रंगाचा त्रास होईल का त्याला? तू त्याला विचार.” तर विचारते आहे. होईल का? होत असेल तर सांग, ते रंग बदलतील. डाळिंबावर त्यांचा डोळा आहेच.

एवढं झालं, पण काहीतरी कमी होतं. “कडू नाही,” पप्पा म्हणाले. “कडू नसलं तर ते नुसतं गोड पानी.” आणि मला आल्तार आठवला. निळ्या बुचाची बाटली. पप्पांनी घरातलं सगळं ओतून टाकलं तेव्हा ती तेवढी वाचली होती, कारण ती वेलंकनीच्या माऊलीच्या मागे उभी होती आणि ओतायच्या घाईत त्यांच्या ध्यानातच आली नाही. मला माहीत होतं. साफसफाई करताना एकदा बूच उघडून वास घेतला होता आणि पुन्हा लावून ठेवलं होतं. आईचं घर त्या वासात होतं, म्हणून टाकवली नाही. तर मी ती घेऊन आले. पप्पा संत्र्याची साल काढत होते. मी ग्लासात चार थेंब टाकले, ढवळलं, आणि सहज म्हटलं, “पप्पा, आता घ्या. आता अगदी केनीसाठी झालं.”

त्यांनी वास घेतला, आणि ग्लास माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून बेसिनमध्ये उपडा केला. इतक्या जोरात, की ग्लासच्या काठाचा टवका उडाला. “रम आहे त्यात! थेंब पन दारूच असते, तुला कळत नाही?” मला खरंच सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात तो अर्क म्हणजे लवंग, दालचिनी, संत्रं. आईच्या हाताचा वास. त्यात रम आहे हे मला माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. मी रडवेली झाले असणार, कारण ते एकदम मऊ झाले. माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, “तुझी नाही, माझी चूक. बाटली मी भरली, मी ठेवली. कपाटाचं पन तसंच. सगळी मेली माझीच उघडी दारं.”

तेव्हा मला ते सहन झालं नाही. सहा वर्षं झालं होतं, त्या क्षणी नाही झालं. मी त्यांना सांगितलं.

मी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे, कारण तिथे आपण दोघंच होतो. पण ते मी तुझ्याशीही कधी बोलले नाही, म्हणून लिहिते. त्या मिस्सेच्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. घरात माणसं होती, फादर पप्पांशी बोलत बसले होते, तुझी ॲनी आल्यागेल्याला जेवण वाढत होती. तू मागे बावखलाच्या पायरीवर बसून रडत होतास. आवाज न करता, खांदे हलत होते नुसते. तुला सोडून आठ महिने झाले होते तेव्हा. हे फक्त ॲनीला आणि मला माहीत होतं. पप्पांनाही तू सांगितलं नव्हतंस, वर्ष झालं की सांगेन म्हणाला होतास. मी तुला दारातून पाहिलं, आणि मागे फिरून स्वयंपाकघरात गेले. खडीसाखर घेतली. आल्तारमागची बाटली घेतली. कपाटातून व्हिस्की घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः तो ग्लास केला, केनी, आणि तो अगदी बरोबर झाला. चाळीस वळसे मनात मोजले. चमचा काचेला लागला नाही. संत्र्याची साल पिळून मी तो तुझ्याकडे घेऊन आले. तू बघितलंस आणि म्हणालास, “ताई, नको.” दोनदा म्हणालास. आणि मी म्हटलं, “पहिला घोट आईचा असायचा ना? तेवढा घे. आईसाठी. एकच.”

तू माझ्याकडे कसं बघितलंस ते मी विसरले नाही. मला तेव्हा त्या नजरेत राग दिसला नाही, उलट तू माझे उपकार मानतोस असं वाटलं. मला वाटलं, मी माझ्या भावाला काहीतरी दिलं. तो दारूचा ग्लास आहे हे माझ्या मनात आलंच नाही, मला तो मंगळवार वाटला होता. तू तो संपवलास आणि ग्लास पायरीवर ठेवून आत गेलास. संध्याकाळपर्यंत बाटली अर्धी झाली होती. पुढची तीन वर्षं काय झालं ते तुला मी सांगायचं कारण नाही. नोकरी, ॲनीचं माहेरी जाणं, ते दोन अपघात. आणि इतक्या सगळ्यातून उठून तू केंद्रात जाऊन बसलास, आणि तिथून पहिलं पत्र लिहिलंस ते पप्पांना, आणि त्यात लिहिलंस, माझी मी घेतली. ते मी वाचलं. मोठ्याने, त्यांच्यासमोर. मला तिथेच थांबता आलं असतं. पत्र खाली ठेवून म्हणता आलं असतं, पप्पा, हे खरं नाही. मी पुढची ओळ वाचली. ‘ताईची काळजी घ्या,’ असं लिहिलं होतंस तू पुढच्या ओळीत. तीही वाचली.

हे ऐकून पप्पा काय म्हणाले ते मला जसंच्या तसं तुला सांगायचं आहे. बेसिनमधले काचेचे तुकडे उचलत राहिले. मग पाठमोरे म्हणाले, “किती वळसे?” मी म्हटलं, चाळीस. “आवाज?” नाही झाला. त्यांनी मान हलवली, शिकाऊ पोऱ्याने नीट काम केलं की हलवत असतील तशी. मग वळले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. म्हणाले, “सहा वर्षं मी त्या कपाटाकडं पाठ करून जेवलो. तू समोर बसून मला वाढत होतीस.” आणि म्हणाले, “आज घरी जा.” मी गेले.

बुधवारी गेले तर दाराला आतून कडी होती. गुरुवारीही. शेजारची तेजस्वी म्हणाली, “आजोबा ठीक आहेत, सकाळी मोटार लावली त्यांनी. तुमचं काही झालंय का?” मी म्हटलं, गुडघे दुखतायत त्यांचे. शुक्रवारी दुपारी, कडक उन्हात, पप्पा स्वतः चालत माझ्या घरी आले. वीस मिनिटांची वाट त्यांना पाऊण तास लागली असेल. हातात डबा. आत काडेचिराईत पाण्यात उकळून गाळलेलं, रम नाही, काही नाही. टेबलावर ठेवून म्हणाले, “हे कडू. हे चालेल.” तुझा मेहुणा पास्कल घरीच होता, त्याने त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर त्यांनी मला विचारलं, “केनीला सांगितलंस?” मी म्हटलं, “पप्पा, त्याला माहीत आहे. तो तिथेच होता.” ते म्हणाले, “त्याला माहीत आहे ते वेगळं. तू सांगितलंस का?”

त्या प्रश्नाला मी चार दिवस उत्तर शोधत होते. पहिल्यांदा फोन उचलला, मग ठेवला. मग शनिवारच्या नाशिकच्या गाडीचं तिकीट काढलं, आणि ते रद्द केलं. कारण मी समोर आले असते तर रडले असते, आणि मी रडले की तू लगेच माफ करतोस. लहानपणापासून. माझ्या हातून तुझी पाटी फुटली तेव्हा, तुझी सायकल मी वाडीत विसरले आणि चोरीला गेली तेव्हा, मी रडायचे आणि तूच मला समजवायचास. पायरीवरही मला वाईट वाटू नये म्हणूनच तू तो ग्लास घेतलास, असं मला आता वाटतं. म्हणून हे कागदावर. कागद रडत नाही, तुला त्याला समजवावं लागणार नाही. तू दोनदा नको म्हणालास आणि मी तुला तिसऱ्यांदा म्हणू दिलं नाही. ते मी केलं, केनी. तू नाही, पप्पांनी नाही. तुला माझ्यावर रागवायचं राहून गेलं आहे, ते कर. सहा वर्षांचं आहे, घाई करू नकोस. लग्नाला थांबायचं की नाही ते माझ्याकडे न बघता ठरव. टिफनीला मी सांगितलंय, मामा जे म्हणेल ते. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. पण पप्पांना एक फोन कर, आणि त्या पत्रातली ती ओळ खरी नव्हती हे तुझ्या तोंडाने त्यांना सांग. माझ्याकडून ते ऐकून त्यांना पुरलेलं नाही. ते आता कपाटाकडे तोंड करून जेवायला बसतात, पण अजून घास खाली ठेवून मध्येच तिकडे बघतात.

तुझीच,
ताई